गुलाबाच्या नावावर खपलेलं तळोद्याचं गवत

१९०८ साली निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये तळोदा गावाची नोंद जेमतेम काही ओळींची आहे. खानदेशातला लाकडाचा प्रमुख बाजार इथे, खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या इथे बनतात, एका गाडीला साधारण चाळीस रुपये पडतात, नगरपालिका १८६७ची. एवढ्याशा मजकुरात धान्याच्या व्यापाराशेजारी आणखी एका मालाला जागा मिळाली आहे. तो माल म्हणजे रोशा गवताचं तेल. लाकूड आणि गाड्या समजण्यासारख्या होत्या. मागे सातपुडा, समोर तापीचं खोरं, अशा गावात सागाचे ओंडके उतरणारच. पण गवताचं तेल? आणि तेही सरकारी ग्रंथात नाव यावं इतकं?

या तेलाला खानदेशात ‘रोशेल’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांत, तिथून कॉन्स्टँटिनोपलला आणि पुढे बाल्कन डोंगरांतल्या गुलाबाच्या मळ्यांपर्यंत जाई. युरोपातल्या उमरावांच्या रुमालावर जे ‘गुलाबाचं अत्तर’ पडत असे, त्यातला काही भाग सातपुड्याच्या उतारावरचं गवत होतं. हे अर्थातच कुणी सांगत नसे.

रोशा दिसायला अगदी साधा. पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढणारं बहुवर्षायू गवत, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटणारं. विदर्भात, मेळघाटाकडे याला तिखाडी म्हणतात. संस्कृत ग्रंथांत रोहिष, कत्तृण अशी नावं येतात. वनस्पतिशास्त्रात ते सिम्बोपोगॉन मार्टिनी. म्हणजे परसातल्या गवती चहाचं सख्खं भावंड. फरक ओळखायचा तर पान खोडाला जिथे चिकटतं तिथे बघावं. गवती चहाचं पान बुंध्याकडे निमुळतं होत जातं. रोशाच्या पानाचा तळ रुंद, बदामाच्या आकाराचा असतो आणि तो खोडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. पानाचा खालचा भाग निळसर-पांढुरका. पाऊस सरता सरता तुरे येतात, आधी फिकट आणि पिकताना तांबूस. तुरा बोटांत चुरडला की वास येतो गुलाबाचा, मागून थोडा आल्यासारखा तिखट. ‘तिखाडी’ नाव त्यावरूनच पडलं असावं.

तळोदा आणि गुरं-मेंढ्या यांचं नातं जुनं आहे. मल्हारराव होळकरांचं बालपण इथेच, मामा भोजराजराव बारगळ यांच्याकडे गेलं. बारगळांची गढी अजून गावात उभी आहे. मामाच्या मेंढ्या राखणाऱ्या त्या पोरानं आसपासच्या माळांवरचा रोशा तुडवला असणारच. मात्र गवताच्या शास्त्रीय नावात जो सेनानी येऊन बसला तो मराठा नव्हे, फ्रेंच. क्लोद मार्तँ हा लिऑनमध्ये जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत जनरल झालेला आणि लखनऊत गडगंज झालेला गृहस्थ. ला मार्टिनियर शाळा त्याच्याच पैशातून उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दख्खनच्या बालाघाट पठारावर त्याला दिसलं, की गुरं एका उग्र वासाच्या गवतावर तुटून पडतात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाच काय, मांसालाही तोच वास येतो. त्यानं बी गोळा करून लखनऊला लावलं. विल्यम रॉक्सबर्गनं त्या वनस्पतीचं वर्णन करताना मार्तँचं नाव तिला दिलं. ज्या भिल्ल-पावऱ्यांच्या पिढ्या या गवताला ओळखत होत्या, त्यांच्यापैकी कुणाचं नाव लागण्याची तेव्हा रीत नव्हती.

तेल काढायचं कसं, हे १८८०च्या सुमाराच्या खानदेश गॅझेटियरनं इतक्या बारकाईनं लिहून ठेवलंय की आजही त्यावरून भट्टी लावता येईल. हा धंदा मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हाती होता. भाद्रपद-आश्विनात गवत पिकू लागलं की हे कारागीर ते भिल्लांकडून विकत घेत, गंज्या रचत आणि एखाद्या ओढ्याच्या काठाला डेरा टाकत. जागा ओढ्याकाठचीच का, याला कारण होतं. भट्टीला जळण लागतं, आणि वाफ थंड करायला वाहतं पाणी. सातपुड्यातले बरेच ओढे उन्हाळ्याच्या आधीच आटतात. गवताला तुरा आहे, जंगलात सरपण आहे आणि ओढ्याला पाणीही आहे, असा योग पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंतच जुळतो. सगळा धंदा त्या चार महिन्यांत उरकावा लागे.

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून त्यात चूल मांडत. तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडी मोठा हंडा, तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढा. तळाशी थोडं पाणी, वर काठोकाठ कापलेलं गवत, मग आणखी थोडं पाणी. तोंडावर तांब्याची किंवा लोखंडाची झाकणी ठेवायची आणि कडेनं गव्हाची कणीक थापून वाफेला वाट उरू द्यायची नाही. झाकणीला एक भोक, त्यात बांबूची नळी. नळीला फडकं गुंडाळून वरून उडदाच्या पिठाचा लेप, त्यावर दोरीचे वेढे. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद हंड्यात आणि हा दुसरा हंडा गळ्यापर्यंत वाहत्या ओढ्यात बुडवलेला. वाफ तिथे जाऊन थंड व्हायची. हंडा भरत आला की पाण्यात हलू लागे; कारागिराला तीच खूण. मग नळी अलगद काढून आतलं पाणी तिसऱ्या भांड्यात ओतायचं, घुसळायचं आणि वर तरंगणारं तेल हळूहळू काढून घ्यायचं. उरलेलं सुगंधी पाणी फेकायचं नाही, नव्या गवताबरोबर ते पुन्हा पहिल्या हंड्यात.

त्या शेवटच्या गोष्टीत चांगलीच अक्कल होती. सुगंधी तेलाचा काही अंश पाण्यात विरघळून राहतो. ते पाणी टाकलं तर तेवढं तेल गेलं. आजच्या ऊर्ध्वपातन यंत्रांतही हेच पाणी परत फिरवण्याची सोय ठेवतात, फक्त तिला मोठं नाव देतात. या भट्टीचा दोषही उघड आहे. गवत थेट पाण्यात उकळतं, तळाशी लागतं, करपतं. तेलाला जळका वास येतो आणि उताराही कमी पडतो. गवत जाळीवर ठेवून खालून नुसती वाफ सोडली की दोन्ही अडचणी टळतात. पण त्यासाठी बॉयलर लागतो. तो ओढ्याकाठच्या कारागिराच्या ऐपतीतला नव्हता.

१८७९-८०च्या हंगामात खानदेशात अशा दोनशेच्या आसपास भट्ट्या पेटल्या होत्या. मूळ ठिकाण पिंपळनेर. तिकडे गवत विरळ होत गेलं तसा धंदा नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकला. तयार तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादत. एक वाट कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला, दुसरी धुळ्यावरून मनमाडला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत तापी खोऱ्यातली रेल्वे आली तोवर १९०० साल उजाडलं होतं.

मुंबईत पोचल्यावर रोशेलचं पहिलं धर्मांतर होई. व्यापारी त्यात टर्पेंटाइन, भुईमुगाचं नाहीतर जवसाचं तेल मिसळत. तिथून माल तांबड्या समुद्रातून तुर्कस्तानात जाई. तिथे त्याचं नाव ‘इद्रिस यागी’, आणि युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरेनियम तेल’. तेल भारतातलं, जिरेनियमशी त्याचा काही संबंध नाही आणि तुर्कस्तान हा फक्त वाटेतला मुक्काम! कॉन्स्टँटिनोपलमध्ये ते लिंबाच्या रसाच्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवत, म्हणजे रंग उतरून फिकट पिवळा होई. मग ते बल्गेरियात कझानलिकच्या खोऱ्यात जाई. गुलाबाचं अत्तर तिथलंच नावाजलेलं. धूर्त लोक हे तेल अत्तरात मिसळत आणि त्याहून धूर्त लोक पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांच्यावर शिंपडत, म्हणजे दोन्ही वास एकत्रच उतरत आणि ओळखणं आणखी अवघड.

गुलाबाचं एक किलो तेल मिळवायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. रोशाच्या शंभर किलो ताज्या गवतातून साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल येतं. म्हणजे एक किलो तेलाला दोन-तीनशे किलो गवत पुरतं. भेसळीचा मोह कशाला होता हे या दोन आकड्यांत आलं. गिऱ्हाइकंही अगदी भोळी नव्हती. खरं गुलाबतेल वीस अंशांच्या आसपास थंडीत गोठू लागतं. रोशेल मिसळलं की ते गोठायला जास्त थंडी लागते. म्हणून गोठवून पाहण्याची परीक्षा निघाली. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी व्हेल माशाच्या डोक्यातली मेणासारखी चरबी घालून तेल गोठवायला सुरुवात केली. तळोद्याचं गवत, मुंबईचं टर्पेंटाइन, समुद्रातला व्हेल आणि बल्गेरियाचा गुलाब, सगळे एकाच कुपीत.

ही लबाडी खपली, कारण दोन्ही वासांच्या मुळाशी एकच रेणू आहे. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रोशेलमधूनच तो पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तेलाचं बाजारातलं नाव ‘इंडियन जिरेनियम’, म्हणून त्यानं रेणूला नाव दिलं जिरॅनिऑल. चांगल्या रोशेलमध्ये हा ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत असतो. गुलाबात तो आहे, जिरेनियममध्ये आहे आणि एका अनपेक्षित ठिकाणीही आहे. मधमाशी पोळ्याच्या दाराशी पंख हलवत आपल्या सोबतिणींना बोलावते तेव्हा तिच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून जो गंध सुटतो, त्यातही जिरॅनिऑल असतो. मधमाश्या ज्या वासाकडे येतात त्याच वासापासून डास दूर पळतात. रोशेल डासांवर चालतं ते यामुळेच.

सगळ्या रोशाचं तेल मात्र सारखं नसतं, आणि इथे खानदेशी कारागिरांच्या समजुतीची एक गंमत आहे. ते दोन प्रकार मानत, मोतिया आणि सोनफिया. निळसर-पांढऱ्या तुऱ्याचं कोवळं गवत तो मोतिया, तेच पिकून तांबडं झालं की सोनफिया; मोतियाच्या तेलाला भाव जास्त. म्हणजे त्यांच्या मते फरक वयाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑटो स्टाप्फ, बर्किल यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या गवतांचा नीट अभ्यास केला तेव्हा कळलं, की मोतिया आणि सोफिया, म्हणजेच सोनफिया, हे वेगळे वाण आहेत. दिसायला इतके सारखे की वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने तज्ज्ञांनाही चकवतात. मोतिया कोरड्या, पाणी न साचणाऱ्या उतारांवर तुटक तुटक बेटांनी उगवतो. सोफिया खालच्या ओलसर, भारी जमिनीत दाट माजतो. पुढे पेशींच्या अभ्यासात मोतियात २० गुणसूत्रं आणि सोफियात ४० दिसली. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी. त्याला गुलाबापेक्षा मसाल्याचाच वास जास्त आणि बाजारातलं नाव ‘जिंजरग्रास’. भट्टीवाल्यांचं शास्त्र चुकलं असेल, पण त्यांचं नाक चुकलं नव्हतं. भाव त्यांनी बरोबर ठरवला होता.

रोशाचे घरगुती उपयोग याहून पुष्कळ जुने. चरकसंहितेत बाळंतिणीला दूध यावं म्हणून जी दहा औषधी मुळं एकत्र सांगितली आहेत, त्यांत दर्भ, कुश, काश यांच्याबरोबर कत्तृणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त या तेलाची नोंद केली ती संधिवात, नसांचं दुखणं आणि मोठ्या आजारानंतर गळणारे केस यांवरचा बाहेरून चोळण्याचा उपाय म्हणून. कंबर धरली, गुडघे आखडले की तिळाच्या तेलात रोशेलचे थेंब टाकून चोळायचं, ही रीत खेड्यापाड्यांत अजून चालते. चोळल्यावर त्वचेला ऊब येते, रक्त खेळतं, दुखणं काही वेळ मागे पडतं. त्याने संधिवात बरा होतो असं मात्र कुणी छातीठोक सांगू लागलं तर ऐकू नये. भट्टीतून निघालेला चोथाही वाया जात नाही. वाळवला की पुढच्या घाण्याला तोच जळण.

कारखान्यांचं गणित वेगळं. अंगाच्या साबणाला गुलाबाचा वास द्यायचा तर खरं गुलाबतेल परवडत नाही, आणि साबणातला क्षार नाजूक सुगंध लवकर मारतो. रोशेल तिथे टिकतं. साबण, सौंदर्यप्रसाधनं, डास पळवणारी मलमं, अगदी तंबाखूला वास देण्यापर्यंत त्याची मजल गेली.

मग तळोद्यातून हा धंदा का ओसरला? एकच कारण देता येत नाही. १८७८च्या वनकायद्यानंतर गवत आणि सरपण दोन्ही सरकारी परवान्याच्या मुठीत गेलं. भट्टीला लागणारं जंगल भट्टीनंच खाल्लं हेही खरं. पिंपळनेरचा अनुभव तोच होता. उतारांवर नांगर चढला. सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी १९९० आणि १९९४ मध्ये मिळून तळोद्याची ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली; ज्यांची गावं बुडाली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती, पण रान तेवढं कमी झालं. मोठा तडाखा मात्र बाजाराचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जिरॅनिऑल कारखान्यात बनू लागलं, तेही टर्पेंटाइनपासून. ज्या टर्पेंटाइनची मुंबईचे व्यापारी रोशेलमध्ये चोरून भेसळ करत, त्यानंच शेवटी रोशेलची गादी घेतली.

आज रोशेल पुन्हा मागितलं जातं, कारण ‘नैसर्गिक’ या शब्दाला बाजारात भाव आला आहे. लखनऊच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय संशोधन संस्थेनं तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी असे लागवडीचे वाण दिले. २०१७ पासून चाललेल्या ‘अरोमा मिशन’मध्येही पामरोजा, म्हणजे आपला रोशाच, आहे. बी बारीक असतं, वाळूत मिसळून रोपवाटिकेत टाकायचं, पावसाच्या तोंडावर रोपं लावायची. पहिली कापणी साधारण चार महिन्यांनी, तुरा आल्यावर. कारण तेल तुऱ्यात आणि पानात, खोडात जवळजवळ नाहीच. वर्षाला तीन-चार कापण्या निघतात आणि एकदा केलेली लावण चार-पाच वर्षं चालते. हलकी जमीन, ओढगस्तीचं पाणी, वर रानडुकरांचा उपद्रव नाही. सातपुड्याच्या पायथ्याला शोभणारंच पीक.

पण यात एक मेख आहे आणि रोपं विकणारे ती सांगत नाहीत. शंभर किलो गवतात फार तर अर्धा किलो तेल, म्हणजे गवत ट्रकमध्ये घालून लांब नेणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. भट्टी शिवारातच हवी. एकट्यादुकट्या शेतकऱ्यानं स्टीलची वाफेची भट्टी बसवणं परवडत नाही, आणि भट्टी नसेल तर उभं पीक म्हणजे नुसता चारा. २००६च्या वनहक्क कायद्यानं वनौषधी गोळा करून विकण्याचा हक्क गावांना दिला आहे. अक्राणी-तळोद्याकडच्या ग्रामसभांनी रानातला रोशा आणि बांधावरचा रोशा मिळून एका सामाईक भट्टीवर आणला तर हिशेब जमू शकतो. शासनानं आधी भट्टी द्यावी, मग रोपं वाटावीत. उलट क्रमानं आलेल्या योजना आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

रोशा पाहायचा असेल तर दिवाळीच्या आसपास तळोद्याहून धडगावकडे, चांदसैली घाटाच्या बाजूला निघावं. तांबूस तुऱ्यांच्या उंच गवताचं एक पान चुरडून हुंगलं की खात्री पटते. उपटू नये, ठोंब एकदा निघाला की तो गेला.

आणि बाटली विकत घ्यायची असेल तर लेबलावर पामरोजा एवढंच वाचून थांबू नये. सिम्बोपोगॉन मार्टिनी हे नाव आणि मोतिया हा प्रकार लिहिलेला आहे का ते बघावं. तेल पोटात घेऊ नये, नुसतं अंगाला लावू नये. चमचाभर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात दोन-तीन थेंब पुरतात. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं. भेसळीची शंका आली तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी पाहावा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं. तेलकट डाग राहिला तर बाटलीत रोशेलबरोबर भुईमुगाचं नाहीतर आणखी कुठलं खायचं तेल आहे; ती दुकानदाराला परत करावी.